मनाचे दुखणे आणि त्याचे नाव

(मंदिराच्या जीर्णोद्धार सोहळ्यानिमित्त झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



अंगात कणकण आली की शाळेत जाणारे पोरही आईला सांगते, ‘आई, मला ताप आलाय.’ पोट दुखू लागले, तर कुठे दुखते, कळ येते की मुरडा येतो, जेवणाआधी दुखते की जेवणानंतर, हे कधी शाळेचे तोंड न पाहिलेला माणूसही डॉक्टरांना बिनचूक सांगतो. बैल रवंथ करीना झाला, तर शेतकरी त्याच्या डोळ्यांकडे आणि कानांकडे बघून दुखणे ताडतो. पण त्याच शेतकऱ्याला कोणी विचारले, ‘अण्णा, चार दिवस गप्प गप्प का हो?’ तर उत्तर येते, ‘काही नाही, जरा टेन्शन आहे.’ त्यापुढे गाडी जात नाही. कसले टेन्शन? भीतीचे, लाजेचे, रागाचे, की घरातले कोणी गेल्याच्या दुःखाचे? त्याचे त्यालाही नीट सांगता येत नाही. मुक्या जनावराचे दुखणे ओळखणारा हा माणूस स्वतःच्या मनाच्या दुखण्यापुढे मुका होतो, आणि हे मुकेपण पुष्कळदा घात करते. गेल्या काही वर्षांत किती घरांतील कर्ते पुरुष कोणाला काही न सांगता निघून गेले, हे प्रत्येक गावाला ठाऊक आहे. त्यांची नावे घेऊन त्या घरांच्या जखमा आज उघड्या करण्याचे कारण नाही.

आपल्या मनात काय चालले आहे हे ओळखणे, त्याला नेमके नाव देणे, समोरच्याच्या मनातले जाणणे आणि त्या जाणिवेने वागणे, या सगळ्याला आजचे मानसशास्त्र ‘भावनिक बुद्धिमत्ता’ म्हणते. पीटर सॅलोव्ही आणि जॉन मेयर या दोन अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी १९९० साली या कल्पनेची शास्त्रीय मांडणी केली. पुढे १९९५ साली डॅनिएल गोलमन यांनी त्यावर ग्रंथ लिहिला, तो जगभर खपला आणि हा शब्द सर्वतोमुखी झाला. तो इतका सर्वतोमुखी झाला की मोठमोठ्या कंपन्यांतून साहेबलोकांना बढती कशी मिळवावी हे शिकवणाऱ्या शिबिरांतही त्याची विक्री सुरू झाली. त्या बाजाराशी आज कर्तव्य नाही. मूळ विचार साधा आहे. ही बुद्धी परीक्षेतील गुणांवर मोजली जात नाही, ती जन्मतः मिळून तेवढ्यावर थांबत नाही, आणि मनाच्या आरोग्याशी तिचे नाते फार जवळचे आहे.

ते नाते कसे, हे ध्यानात यावे म्हणून दोन शोध सांगणे पुरे. बोस्टन येथील पीटर सिफनिऑस या मनोविकारतज्ज्ञांकडे असे काही रुग्ण येत की ज्यांचे दुखणे अंगावर दिसे, परंतु ‘तुम्हाला काय वाटते?’ असे विचारले की ते गोंधळून जात. डोके दुखते, छातीत धडधडते, जेवण जात नाही, एवढे ते सांगत. दुःख झाले की राग आला, हे त्यांना सांगता येत नसे. १९७० च्या दशकाच्या आरंभी सिफनिऑस यांनी या अवस्थेसाठी ग्रीक भाषेतून एक शब्द घडवला. त्याचा अर्थ असा की, भावनेला शब्दच नाहीत. दुसरा शोध २००७ सालचा, लॉस एंजेलिसच्या विद्यापीठातील मॅथ्यू लिबरमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा. त्यांनी काही लोकांना रागावलेल्या, भेदरलेल्या चेहऱ्यांची छायाचित्रे दाखवली आणि त्याच वेळी त्यांच्या मेंदूचे चित्रण केले. असा चेहरा नुसता पाहिला की मेंदूतील बदामाच्या आकाराचा एक लहानसा भाग, जो धोक्याची घंटा वाजवतो, तो जोराने काम करू लागे. परंतु ‘हा राग आहे’, ‘ही भीती आहे’ असे शब्द त्याला जोडले की त्या भागाची धावपळ कमी होई आणि कपाळामागचा विचार करणारा भाग कामाला लागे. नाव दिल्याने संकट टळत नाही हे खरे. पण मन ताळ्यावर यायला नाव देण्याने मदत होते, ही गोष्ट आता नुसत्या अनुभवाची राहिलेली नाही.

या बाबतीत मराठी माणूस दरिद्री नाही. उलट त्याच्या घरात धनाचा हंडा पुरलेला आहे आणि तो मात्र उसनवारी करीत फिरतो आहे. ‘हुरहूर’ वेगळी आणि ‘धास्ती’ वेगळी. लेक सासरी गेल्यावर तिन्हीसांजेला लागते ती हुरहूर. पावसाने ओढ दिली की वाटते ती धास्ती. आणि पोर विहिरीत पडता पडता वाचले तर मन घेते तो धसका. चारचौघांत देणेकऱ्याची आठवण करून दिली की माणूस ओशाळतो. श्रीमंत पाहुण्यांच्या घरी जुन्या कपड्यांनी बसावे लागले की कानकोंडा होतो. मरणाच्या दारातील भावाशी बोलायचे राहून गेले त्याची चुटपुट लागते. भाऊबंदकीत कोणी बोललेला एक शब्द वर्षानुवर्षे टोचतो, तो सल. जिवाची तगमग, काळजाची घालमेल, कामाचा उबग, माणसांचा वैताग, ही सगळी वेगवेगळी दुखणी आहेत आणि प्रत्येकाचे औषध वेगळे. लहान मुलाचेच पाहा ना. ते रुसते, फुरंगटते आणि हिरमुसते. घरातल्या आजीला हे तिन्ही प्रकार दुरून ओळखता येतात. रुसलेल्याची समजूत काढावी लागते, फुरंगटलेल्याकडे जरा दुर्लक्ष केलेले बरे असते, आणि हिरमुसलेल्याला जवळ घ्यावे लागते. एकाचे औषध दुसऱ्याला दिले तर पोर अधिकच बिघडते. त्या आजीने मानसशास्त्राचे पुस्तक पाहिलेले नसेल, पण सॅलोव्ही आणि मेयर ज्याला भावनिक बुद्धिमत्ता म्हणतात ती तिच्यापाशी होती. आज या सगळ्या शब्दांच्या जागी एकच शब्द आला आहे, ‘टेन्शन’. परीक्षेचे टेन्शन, कांद्याच्या भावाचे टेन्शन, सुनेचे टेन्शन आणि मरणाचेही टेन्शनच. सगळ्या आजारांना ‘दुखणे’ एवढाच एक शब्द वापरला तर डॉक्टरांनी औषध कशाचे द्यावे?

शब्द गेले त्यामागे एक कारण असे, की ते शब्द जिथे बोलले जात त्या जागा गेल्या. पहाटेचे जाते गेले. जात्यावर बसलेली बाई ओवी म्हणे, आणि सासुरवास, माहेरची ओढ, मूल नसल्याची खंत, मेलेल्या लेकराची आठवण हे सारे पिठाबरोबर बाहेर पडे. गी प्वातवाँ आणि हेमाताई राईरकर यांनी महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांतून अशा एक लाखाहून अधिक ओव्या गोळा करविल्या. त्या संग्रहाला लोकगीतांचा खजिना म्हणतात ते बरोबरच आहे, पण बायकांच्या मनाचे एवढे मोठे दप्तर दुसरे क्वचितच असेल. पिठाची गिरणी आली, हाताचे घट्टे गेले, हे चांगलेच झाले. त्याबरोबर ती जागाही गेली. नळ आला, डोक्यावरचा हंडा उतरला आणि पाणवठाही ओस पडला. मात्र जुन्या काळी सारे कसे सुखात होते असा गोड गैरसमज कोणी करून घेऊ नये. ज्या विहिरीवर बायका मन मोकळे करीत, त्याच विहिरी काही जणींनी जवळही केल्या आहेत. ओवी म्हणणाऱ्या बाईचे ऐकून घ्यायला दगडाच्या जात्याखेरीज बहुधा कोणी नसे. बोलायला जागा हवी, तसे ऐकणारे माणूसही हवे, आणि ऐकावे कसे हे त्या माणसाला कळायला हवे.

या तिन्ही गोष्टी एकत्र आणण्याचा एक प्रयोग दूर आफ्रिका खंडात झाला. तो जरा सविस्तर सांगण्याजोगा आहे, कारण त्याला लागलेला खर्च एका लाकडी बाकाचा होता आणि तो ज्यांनी यशस्वी केला त्या म्हाताऱ्या बायका होत्या.

झिंबाब्वे नावाचा देश आहे. हरारे ही त्याची राजधानी. २००५ साली तेथील सरकारने शहरांतील झोपड्या आणि टपऱ्या पाडण्याची मोठी मोहीम काढली. सुमारे सात लाख लोकांची घरे किंवा पोटापाण्याचे साधन गेले, काहींचे तर दोन्ही गेले, असे संयुक्त राष्ट्रसंघाच्या पाहणीत आढळले. त्याच सुमारास डॉ. डिक्सन चिबांडा हे तेथील मनोविकारतज्ज्ञ होते. सबंध देशात असे डॉक्टर जेमतेम डझनभर. त्यांच्या उपचाराखाली असलेल्या एका तरुण मुलीने गळफास घेतला. तिच्या आईचा फोन आला, तेव्हा डॉक्टरांनी विचारले की तिला दवाखान्यात का आणले नाही. आई म्हणाली, बसच्या भाड्याला पंधरा डॉलर नव्हते. डॉ. चिबांडा यांनी ही हकीकत पुढे अनेक व्यासपीठांवरून स्वतः सांगितली आहे. माणसे डॉक्टरांपर्यंत येऊ शकत नसतील तर उपचार माणसांपर्यंत गेला पाहिजे, हे त्यांना त्या फोनने शिकवले.

पण न्यावा कसा? पैसा नव्हता, दवाखान्यात खोली नव्हती, परिचारिकांना उसंत नव्हती. हरारेतील एम्बारे ही दाट वस्तीची गरीब पेठ. तेथील आरोग्य खात्याकडे चौदा वयस्कर बायका होत्या, आपल्याकडील आशाताईंसारखे घरोघर फिरण्याचे काम करणाऱ्या. लोक त्यांना ‘अंबुया उटानो’ म्हणजे ‘आरोग्याच्या आज्या’ म्हणत. २००६ साली डॉ. चिबांडा यांनी या चौदा जणींना हाताशी धरले. आत जागा नाही म्हणून दवाखान्याच्या आवारात झाडाखाली एक बाक मांडला.

बाकाला प्रथम नाव दिले ते ‘मानसिक आरोग्याचा बाक’. त्यावर कोणी फिरकेना. कोण बसणार? बसला की गावभर झाले, अमक्याचे डोके फिरले! आज्यांना हे डॉक्टरांच्या आधी कळले. त्यांनीच सुचवले की नाव बदला, याला ‘मैत्रीचा बाक’ म्हणा. नाव बदलले आणि माणसे येऊन बसू लागली. मोठ्या विद्येच्या पदव्या घेतलेल्या माणसाला जे सुचले नाही ते त्या बायकांना सुचले, आणि डॉक्टरांनी ते मुकाट्याने मान्य केले, यात त्यांचाही मोठेपणा आहे.

आज्यांनी आणखी एक गोष्ट केली. डॉक्टरी भाषेतले ‘डिप्रेशन’ सारखे शब्द त्यांनी दूर ठेवले. त्यांच्या शोना भाषेत एक शब्द आहे, ‘कुफुंगिसिसा’. अर्थ असा की, फार विचार करीत राहणे. आपल्याकडे आपण म्हणतो ना, ‘त्याला विचार लागलाय’, ‘जिवाला घोर लागलाय’, अगदी तसेच. कुफुंगिसिसा झाला आहे असे सांगायला कोणाला लाज वाटत नाही. या शब्दाचा आणि त्यामागच्या दुखण्याचा अभ्यास हरारेत १९९० च्या दशकात ज्यांनी केला, त्यांत मुंबईत जन्मलेले डॉ. विक्रम पटेल हे प्रमुख होते. त्यांनी शोना भाषेत साध्या चौदा प्रश्नांची यादी तयार केली होती. गेल्या आठवड्यात फार विचार येत होते का, झोप लागत नव्हती का, क्षुल्लक कारणाने राग आला का, रडावेसे वाटले का, पोट दुखले का, काम मागे पडले का, जीव द्यावा असे मनात आले का, अशा तऱ्हेचे ते प्रश्न. उत्तर ‘हो’ किंवा ‘नाही’. आजी हीच यादी हातात घेऊन बसते. त्यात डॉक्टरी विद्या आहे, पण बोली मात्र शेजारणीची आहे.

बाकावर घडते ते असे. पहिल्या बैठकीला आजी ‘कुव्हुरा फुंग्वा’ करते, म्हणजे मन उघडते. समोरची बाई (बहुतेक बायकाच येतात, पुरुष थोडे) बोलते, रडते, मध्येच गप्प बसते. आजी घाई करीत नाही. मग दोघी मिळून अडचणींची यादी करतात. नवरा दारू पितो, घरभाडे थकले आहे, अंगात एचआयव्हीचा आजार आहे आणि तो घरी सांगितलेला नाही. यांतली कोणती अडचण आधी घ्यायची ते आलेल्या बाईनेच ठरवायचे. उपायही तिनेच सुचवायचा आणि पहिले पाऊल लहान ठेवायचे. आजीने ‘मी सांगते तसे कर’ म्हणत सुटायचे नाही, आणि म्हाताऱ्या माणसाला हेच सर्वांत अवघड, हे इथे बसलेल्या म्हाताऱ्या माणसांना वेगळे सांगायला नको! दुसऱ्या टप्प्याला ‘कुसिमुद्झिरा’ म्हणतात, उभारी देणे. तिसऱ्याला ‘कुसिंबिसा’, बळकटी आणणे. अशा सहा बैठका होतात. त्यानंतर बाकावरून उठलेल्या बाया एकत्र बसतात, एकमेकींचे ऐकतात आणि ऐकता ऐकता टाकाऊ प्लास्टिकच्या पट्ट्यांच्या पिशव्या विणतात. पिशव्या विकून चार पैसे मिळतात. हाताला काम असले की जीभही सैल होते. जात्यावरच्या बायकांना हे माहीत होतेच.

याचा उपयोग किती झाला? कोणी म्हणेल, बायका बसून बोलल्या, रडल्या, गेल्या. म्हणून याची रीतसर परीक्षा घेण्यात आली. हरारेतील चोवीस दवाखान्यांत मिळून ५७३ रुग्ण घेतले. काही दवाखान्यांत नेहमीची देखभाल दिली, तर काहींत बाक आणि आजी. सहा महिन्यांनी मोजणी केली, तेव्हा नेहमीची देखभाल मिळालेल्यांत शंभरातील सुमारे पन्नास जणांना मन खचल्याची लक्षणे होती. बाकावर बसून गेलेल्यांत शंभरातील सुमारे चौदा. हा वृत्तांत अमेरिकन वैद्यक परिषदेच्या नियतकालिकात २०१६ च्या डिसेंबरमध्ये प्रसिद्ध झाला. त्यानंतर असे बाक मलावीत, झांझिबारला आणि थेट न्यूयॉर्क शहरातही मांडले गेले. गरीब देशाने श्रीमंत देशाला काही शिकवावे, असे प्रसंग थोडे.

आता कोणी म्हणेल, ते आफ्रिकेत झाले, इथे कसे होणार? इथेही झाले आहे. डॉ. विक्रम पटेल पुढे गोव्यात आले आणि १९९६ साली त्यांनी सहकाऱ्यांसह ‘संगत’ ही संस्था काढली. या संस्थेने गोव्यातील आरोग्य केंद्रांत साध्या शिकल्या-सवरलेल्या तरुणी समुपदेशक म्हणून नेमल्या. त्या ना डॉक्टर होत्या ना परिचारिका. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांप्रमाणे सरकारी केंद्रांत अशी मदत मिळालेल्या, निदान झालेल्या रुग्णांपैकी सहा महिन्यांत शंभरातील सुमारे ६६ बरे झाले; ज्या केंद्रांत ती नव्हती तेथे ४२-४३. विदर्भात, अमरावती जिल्ह्यातील तीस खेड्यांत ‘विश्राम’ नावाने असेच काम झाले. तिथली एक गोष्ट विचार करायला लावणारी आहे. आरंभी मन खचलेल्या शंभर माणसांपैकी जेमतेम चार जण कोणाकडे मदत मागायला गेले होते. गावातल्याच कार्यकर्त्यांनी घरोघर बोलणे सुरू केल्यावर दीड वर्षाने हा आकडा सत्तावीसवर गेला. म्हणजे शहाण्णव माणसे एकटी बसून होती, आणि ती मदत नको म्हणून बसली नव्हती! नाशिक जिल्ह्यात पेठ तालुक्याच्या आदिवासी पाड्यांतही ‘आत्मीयता’ या नावाने गावातल्याच माणसांना ऐकण्याचे शिक्षण देण्याचा प्रयोग २०१३ पासून झाला, तो पुढे गुजरातेत वाढला.

ऐकणे शिकावे लागते, यावर कित्येकांचा विश्वास बसत नाही. कान तर देवाने दिलेलेच आहेत! म्हणून घरातला एक साधा प्रसंग डोळ्यांपुढे आणावा. कांदा विकायला गेलेला माणूस संध्याकाळी परत येतो. भाव मिळालेला नाही, भाडेही अंगावर आले आहे. परतताना फाट्यावर उधारीवाल्याने चारचौघांत हटकले. घरी येतो, ताट समोर येते, भाजीत मीठ कमी म्हणून तो ताट भिरकावतो. घरातल्यांना दिसतो तो राग. रागाखाली आहे ती लाज, आणि लाजेखाली आहे ती पुढच्या महिन्याची धास्ती. पुरुषाला समाजाने रागाची तेवढी मुभा दिली आहे, लाजेची आणि भीतीची दिलेली नाही. म्हणून तो प्रत्येक भावना रागाच्याच पिशवीत भरून आणतो, आणि ती पिशवी पुष्कळदा दारूच्या गुत्त्यावर रिकामी होते. हे समजून घेणे म्हणजे ताट फेकणे खपवून घेणे नव्हे, मारहाण तर मुळीच नव्हे. घरच्या बाईने सोसत राहावे, असा याचा अर्थ कोणी काढू नये. त्या माणसाचे पहिले काम ते त्याचेच आहे. जेवायला बसण्याआधी क्षणभर थांबून त्याने स्वतःला विचारायला हवे, ‘मला राग आलाय, की आज लाजल्यासारखे झालेय?’ आणि हे एकदा, एकाजवळ तरी, तोंडाने बोलायला हवे. बायकोजवळ, भावाजवळ, मित्राजवळ.

जवळच्याने काय करावे? ‘एवढ्याने काय होतंय’, ‘त्या अमक्याकडे बघ, त्याचे तर किती वाईट’, ‘मर्दासारखा मर्द आणि रडतोस काय’, ही तीन वाक्ये तोंडात आली तरी गिळावीत. ‘होईल सगळं नीट’ हेही लगेच म्हणू नये. दुसऱ्याला वाटते, याला ऐकायचेच नाही. ‘अहो, आज बाजारात काही झालं का?’ एवढे विचारून थांबावे. उत्तर यायला वेळ लागतो. त्या वेळात मोबाईल हातात घेऊ नये. आणि एखादा म्हणाला, ‘आता जगून काय करायचं’, तर तो उगाच बोलतोय असे समजून विषय बदलू नये. जीव देण्याचा विचार आहे का, हे सरळ विचारावे. विचारल्याने ती कल्पना डोक्यात येते हा समज खोटा आहे. उलट ओझे उतरते. तो ‘हो’ म्हणाला तर त्याला एकटे सोडू नये, फवारणीचे औषध घरातून हलवावे आणि त्याला दवाखान्यात न्यावे.

कारण बाकालाही मर्यादा आहे, आणि हरारेच्या आज्यांना ती पक्की ठाऊक आहे. जीव देण्याची भाषा करणारा, भलतेच आवाज ऐकू येणारा रुग्ण समोर आला की त्या त्याला वरच्या माणसाकडे, डॉक्टरांकडे पाठवतात. काही आजार मेंदूचे असतात, त्यांना औषध लागते, ते अनेक वर्षे घ्यावे लागते, आणि त्यात रुग्णाच्या स्वभावाचा वा घरच्यांच्या संस्कारांचा दोष नसतो. देवाचा अंगारा लावायला कोणाची ना नाही, पण अंगारा लावून दवाखाना चुकवू नये. जीव देण्याचा प्रयत्न केलेल्या माणसाला आता पोलिसांच्या भीतीने लपवण्याचेही कारण उरलेले नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने अशा माणसाला तीव्र तणावाखाली असलेला मानून शिक्षेपासून संरक्षण दिले, आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ते जुने ३०९ कलमच राहिले नाही. केंद्र सरकारने २०२२ साली ‘टेलिमानस’ ही दूरध्वनी सेवा सुरू केली आहे. १४४१६ हा तिचा क्रमांक. दिवसा-रात्री केव्हाही लावावा, पैसे पडत नाहीत, मराठीतूनही बोलता येते. हा क्रमांक स्मरणिकेत छापला जाईलच, पण स्मरणिका कपाटात राहते. म्हणून तो मोबाईलमध्ये नोंदवून घ्यावा, आणि आज इथे न आलेल्या शेजाऱ्यालाही द्यावा.

राहता राहिला गावचा प्रश्न. मंदिराच्या जीर्णोद्धारात पिंपळाचा पारही नव्याने बांधून झाला आहे. चांगला रुंद आहे, फरशी गार आहे, सावली दिवसभर असते. सकाळी त्यावर वर्तमानपत्र वाचणारी मंडळी असतात आणि संध्याकाळी राजकारण बोलणारी. बायका मात्र प्रदक्षिणा घालून पुढे जातात, बसत नाहीत. गावात आशाताई आहेत, निवृत्त शिक्षिका आहेत, आणि ज्यांच्यापाशी सुना-लेकी आपणहून येऊन बोलतात अशा तीन-चार आज्याही आहेत; त्या कोण, हे सगळ्यांना माहीत आहे. ऐकण्याचे थोडे शिक्षण या बायकांना मिळाले, आणि आठवड्यातून दोन दुपारी पाराची एक बाजू त्यांच्यासाठी मोकळी ठेवली, तर त्याला वेगळी इमारत लागणार नाही, कोनशिला लागणार नाही आणि पावती फाडावी लागणार नाही. पाटी लावायची झाली तर तिच्यावर काय लिहायचे, हे त्या आज्यांनाच विचारावे. दुपारी बारा ते चार पार रिकामाच असतो.